दान, दक्षिणा आणि मोल : मावळातील ग्रंथव्यवहाराचा एक आलेख

१

ग्रंथकाराने आपला ग्रंथ विकावा काय, आणि विकावयाचा झाल्यास त्याची भलावण त्याने स्वतः करावी काय, हा प्रश्न मराठीत मुद्रणकलेबरोबर आला असे सामान्यतः समजले जाते. ही समजूत अर्धीच खरी आहे. मुद्रणाने प्रश्नाला निकड आणली हे खरे. परंतु त्याचे उत्तर ज्या शब्दांत दिले गेले, ते शब्द छापखान्याहून पुष्कळ जुने आहेत. लेखकाच्या हाती जे पडते त्याला मराठीत दक्षिणा, बिदागी, मानधन, पारितोषिक, स्वामित्वधन अशी अनेक नावे आहेत. वाचक जे देतो त्याला मोल, किंमत, वर्गणी, देणगीमूल्य अशी आहेत. ही केवळ पर्यायी नावे नव्हेत. प्रत्येक शब्दात देणारा कोण, घेणारा कोण आणि त्या दोघांत श्रेष्ठ कोण, याचा एकेक निवाडा दडलेला आहे.

या निवाड्यांचा इतिहास एकाच लहान प्रदेशात सलग पाहावयाचा असेल तर मावळासारखा प्रदेश नाही. लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी कार्ले, कामशेत, वडगाव, इंदुरी या गावांच्या परिसरातून देहूकडे जाते. देहू प्रशासकीय दृष्ट्या हवेलीत मोडत असले तरी लोकजीवनाच्या दृष्टीने ते या खोऱ्याचेच गाव होय. याच खोऱ्यात दानाचे कोरीव लेख आहेत, दक्षिणेचा उगम आहे, शब्दांचा विक्रय नाकारणारा कवी आहे आणि लेखणीवर संसार चालविणारा कादंबरीकारही आहे. या चारही टप्प्यांवर विचारावयाचा प्रश्न एकच : शब्दाचा मोबदला ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हाती होता?

२

मावळातील अतिप्राचीन लिखित शब्द कार्ले व भाजे येथील लेण्यांत आढळतात. कार्ल्याच्या लेखांत ‘मामाल’ किंवा ‘मामाड’ असे प्रदेशनाम येते आणि ‘मावळ’ या नावाशी अभ्यासक त्याचा संबंध जोडतात. इसवी सनाच्या आगेमागे कोरलेल्या या लेखांचा मुख्य विषय दान हाच आहे. अमुक गावच्या अमुक माणसाने हा स्तंभ दिला, एवढेच बहुतेक लेख सांगतात. दात्यांत व्यापारी आहेत, भिक्षू आहेत, धेनुकाकट येथील यवनही आहेत. कार्ल्याचे चैत्यगृह पूर्ण करविणारा वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल मात्र नावगावावर थांबत नाही. आपण सिद्धीस नेलेले हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे, असे तो कोरून ठेवतो.

हा तपशील लहान असला तरी उपेक्षणीय नाही. दान म्हणजे निरपेक्षता आणि विक्री म्हणजे आत्मप्रौढी, अशी जी सोपी विभागणी पुढील काळात रूढ झाली, तिला हा लेख प्रारंभीच छेद देतो. भूतपालाने काहीही विकावयास काढलेले नव्हते. तरीही ‘आमची वस्तू सर्वांत उत्तम’ ही जाहिरातीची भाषा त्याने वापरली. उलट, मोल घेणारा मनुष्य मुकाट्याने आपला माल ठेवून बसला आहे, असे दृश्य प्रत्येक बाजारात दिसते. गवगवा आणि विक्री या दोन भिन्न गोष्टी होत, आणि ग्रंथकारांच्या मनातील पुष्कळसा गोंधळ त्या एकच मानल्याने झाला आहे.

३

दानाकडून दक्षिणेकडे येताना नात्यात एक महत्त्वाचा बदल होतो. दान घेणाऱ्याची परीक्षा होईलच असे नाही. दक्षिणा घेणाऱ्याची होते. पेशवाईत पुण्यास श्रावणमासी जी दक्षिणा वाटली जाई, तिचा उगम पुण्यात नसून मावळात, तळेगावी आहे. तळेगावचे सेनापती दाभाडे यांच्या घराण्याने ही प्रथा चालविली होती. १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या लढाईत सेनापती त्रिंबकराव दाभाडे पडले आणि त्यानंतर पहिल्या बाजीरावाने ती पुण्यास नेली. पुढे देशोदेशीचे शास्त्री-पंडित दक्षिणेसाठी पुण्यास येऊ लागले; त्यांच्या विद्येची परीक्षा होऊन रक्कम ठरू लागली.

१८१८ नंतर एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद केली नाही. सुमारे ५०,००० रुपयांची वार्षिक रक्कम चालू ठेवण्यात आली आणि तिच्यातूनच १८२१ मध्ये पुण्याची संस्कृत पाठशाळा उभी राहिली. १८४९ मध्ये पुण्यातील सुधारक तरुणांनी सरकारकडे अर्ज केला, की या निधीचा काही भाग उपयुक्त मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. जुन्या पक्षाने याला कडाडून विरोध केला. तरी १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. येणेप्रमाणे, वेदशास्त्राच्या पाठकांसाठी निघालेली तळेगावची दक्षिणा सव्वाशे वर्षांच्या आत मराठी गद्य ग्रंथकाराचे पारितोषिक बनली. आधुनिक मराठी लेखकाला जे पहिले नियमित द्रव्यसाहाय्य मिळाले ते वाचकाकडून नव्हे, दक्षिणेकडून, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात ठळकपणे मांडली जावयास हवी.

या व्यवस्थेने मराठीचे हित केले यात शंका नाही. ज्या काळी वाचक मोजके होते आणि मुद्रण महाग होते, त्या काळी पारितोषिकाविना अनेक भाषांतरे व शास्त्रीय ग्रंथ लिहिले गेलेच नसते. परंतु दक्षिणेचा जुना स्वभाव तिच्या नव्या रूपातही टिकून राहिला. मंडळ परीक्षक झाले आणि लेखक परीक्षार्थी. परीक्षकाला न रुचणारे पुस्तक लिहिणाऱ्याचे काय व्हावे, याचा दाखला १८५५ मध्येच मिळतो. जोतीराव फुले यांनी आपले ‘तृतीय रत्न’ हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. ते नाकारले गेले. या नकाराची हकिकत फुल्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त सांगितली आहे. नाटक प्रसिद्ध होण्यास १९७९ साल उजाडले. एका समितीने नापसंत केलेल्या पुस्तकाला वाचकापर्यंत पोचण्यास सव्वाशे वर्षे लागली.

फुल्यांनी यातून काय बोध घेतला हे त्यांच्या पुढील आचरणातून दिसते. १८६९ मध्ये शिवाजीचा पवाडा व ‘ब्राह्मणांचे कसब’, १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अशी त्यांची पुस्तके पारितोषिकाची वाट न पाहता प्रसिद्ध झाली. फुले स्वतः कंत्राटे घेणारे व्यवहारी गृहस्थ होते. द्रव्याच्या देवघेवीत त्यांना कमीपणा वाटण्याचे कारण नव्हते. १८८५ च्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण नाकारताना त्यांनी जो आक्षेप घेतला तो विक्रीवर नव्हता. ज्या लेखनात शूद्रातिशूद्रांचे दुःख उमटत नाही, त्या लेखनाच्या सभेशी आपला मेळ बसत नाही, असा तो होता.

४

दक्षिणेचा हा प्रवाह मावळातून पुण्याकडे वाहत असता, त्याच्या आधीच इंद्रायणीच्या काठी एक अगदी वेगळी भूमिका घडून गेली होती. ती तुकोबांची. तिचे आकलन बहुधा एकांगी होते. म्हणून ती थोडी विस्ताराने पाहणे आवश्यक आहे.

तुकोबांचे घराणे वाण्याचे. दुकान, सावकारी, महाजनकी असा त्यांचा वडिलोपार्जित व्यवहार होता. इसवी सन १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तो बुडाला. त्यानंतर घरातील कर्जरोख्यांची वाटणी झाली आणि आपल्या वाट्याचे रोखे तुकोबांनी इंद्रायणीत सोडून दिले, असे परंपरा सांगते. पुढे रामेश्वरभटांच्या आक्षेपामुळे अभंगांच्या वह्याही त्याच नदीत बुडवाव्या लागल्या. ही दुसरी कथा महाराष्ट्राच्या तोंडी आहे. पहिली तितकी नाही. वास्तविक दोन्ही एकत्र वाचावयास हव्यात. एकाच मनुष्याने एकाच पाण्यात आधी हिशेबाचे कागद आणि नंतर कवितेचे कागद सोडले. पहिले त्याने स्वेच्छेने सोडले आणि ते वर यावेत अशी इच्छा धरली नाही. दुसऱ्यांसाठी मात्र तो तेरा दिवस नदीकाठी उपोषित राहिला. कोणत्या कागदाला तो आपले धन समजत होता, हे यावरून उघड होते.

तुकोबांच्या भाषेत व्यापाराची परिभाषा पदोपदी येते. भांडवल, माप, लाभ, तोटा, ऋण, खूण पटवून घेणे हे सारे शब्द त्यांनी परमार्थाला जुंपले आहेत. म्हणजे व्यापाराविषयी तिटकारा हे त्यांच्या भूमिकेचे कारण नव्हे. त्यांचा आक्षेप नेमका आहे : हरिकथेचा विक्रय होऊ नये. कथा करून जो द्रव्य घेतो आणि जो देतो, त्या दोघांनाही ते दोषी धरतात. या आक्षेपामागे दोन कारणे दिसतात. एक, आपल्या वाणीचा कर्ता आपण नाही, ती बोलविणारा निराळा आहे, ही त्यांची श्रद्धा. ज्या वस्तूवर आपले स्वामित्व नाही ती विकावयाची कशी? दुसरे, कीर्तन हे प्रत्यक्ष जमलेल्या श्रोत्यांसमोर होते. तेथे मोल लावले की ज्याच्याजवळ मोल नाही त्याला उठून जावे लागते. लिहिलेल्या वहीची गोष्ट याहून वेगळी आहे.

या वहीचा विचार करताना सुदुंबऱ्याचे संताजी जगनाडे यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. तेल्याच्या व्यवसायातील या गृहस्थाने तुकोबांचे अभंग लिहून ठेवले. वि. ल. भावे यांनी संताजींच्या वह्यांच्या आधारे १९१९–२० मध्ये तुकोबांचा ‘अस्सल गाथा’ दोन भागांत प्रसिद्ध केला. संताजींसारख्यांचे श्रम दानही नव्हते, दक्षिणाही नव्हती आणि विक्रीही नव्हती. ती सेवा होती. हस्तलिखितांच्या युगात मराठी संतवाङ्मय टिकले ते मुख्यतः या चौथ्या मार्गाने. पण या मार्गाची मर्यादाही स्पष्ट आहे : प्रत हवी असेल त्याने ती स्वतः लिहावी अथवा लिहिणारा मिळवावा. अक्षरशत्रू असलेल्या बहुसंख्य श्रोत्यांना कीर्तनाखेरीज दुसरे दार नव्हते.

कीर्तनकाराला निरोपाच्या वेळी जे दिले जाते त्याला ‘बिदागी’ म्हणतात. शब्द अरबी ‘विदा’, म्हणजे निरोप, यावरून आलेला आहे. कथेचे मोल नव्हे, निघताना दिलेली भेट, असा त्याचा भाव. तुकोबांनी निषिद्ध ठरविलेला व्यवहार समाजाने पूर्णपणे सोडला नाही. त्याने केवळ त्याचे नाव बदलले. पुढे ‘मानधन’ या शब्दाने हेच कार्य केले. वेतन म्हणावयास संकोच, मोल म्हणावयास लाज, म्हणून धनाच्या आधी मान बसविला. त्यात सौजन्य आहे. पण एक अडचणही आहे. वेतन थकले तर मागता येते. मान थकला तर मागावयाचा कसा?

५

मुद्रणाच्या युगात या संकोचाला पहिला धक्का कायद्याने दिला. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्यान्वये छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद सरकारदप्तरी करावी लागू लागली. आणि त्या नोंदीत लेखक, मुद्रक, पृष्ठसंख्या, प्रतींची संख्या यांबरोबरच लोकांस विकण्याची किंमत आणि स्वामित्वाधिकार कोणाचा हेही सांगावे लागे. ज्या दोन गोष्टी तुकोबांनी आपल्या वाणीच्या बाबतीत नाकारल्या होत्या, मोल आणि स्वामित्व, त्याच आता प्रत्येक ग्रंथाच्या ओळखीचा भाग झाल्या.

योगायोग असा, की या कायद्यानंतर दोनच वर्षांनी, १८६९ मध्ये, तुकोबांच्या गाथ्याचा पहिला भाग मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून बाहेर पडला. दुसरा १८७३ मध्ये. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, कडूस, तळेगाव व पंढरपूर येथील हस्तलिखिते ताडून साडेचार हजारांहून अधिक अभंग छापले. या कामी मुंबई सरकारने २४,००० रुपयांचे साहाय्य केले. विक्रय नाकारणाऱ्या कवीचा ग्रंथ राजाश्रयाने छापला जाऊन बाजारात आला. यात विसंगती पाहण्याचा मोह होतो. पण परिणाम पाहता तो टाळावा हेच योग्य. ज्या अभंगांसाठी देहूच्या वा कडूसच्या वहीपर्यंत जावे लागे, ते आता दूरच्या गावी राहणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाती पडू लागले. १९५० मध्ये मुंबई सरकारने पु. मं. लाड यांच्या संपादनाखाली गाथ्याची आवृत्ती काढली आणि पुढे तिची पुनर्मुद्रणे झाली. श्रोत्याने उठून जाऊ नये, हा तुकोबांचा हेतू येथे विक्री टाळून नव्हे, तर किंमत आवाक्यात ठेवून साधला गेला.

याच सुमारास मावळाचा भूगोलही ग्रंथव्यवहाराला अनुकूल झाला. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे लोहमार्ग सुरू झाला आणि १८६३ मध्ये बोरघाटाची चढण पूर्ण होऊन मुंबई व पुणे जोडली गेली. मुंबईत छापलेले पुस्तक आता लोणावळ्यावरून काही तासांत पुण्यास येऊ लागले. पण वाहतूक सुलभ झाली म्हणून खप वाढतोच असे नाही. न्या. रानडे व लोकहितवादी यांनी ७ फेब्रुवारी १८७८ च्या ‘ज्ञानप्रकाशा’त ग्रंथकारांना एकत्र येण्याचे आवाहन केले आणि ११ मे रोजी पुण्यात हिराबागेत ग्रंथकारांची पहिली सभा भरली. आज जिचे रूप अखिल भारतीय साहित्य संमेलन असे आहे, त्या संस्थेच्या मुळाशी मराठी ग्रंथाच्या प्रसाराची चिंता होती, हे भाषणांच्या गर्दीत विसरले जाते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी तर १८७९ मध्ये सरकारी नोकरी सोडली. ‘निबंधमाला’, चित्रशाळा, किताबखाना, छापखाना या त्यांच्या उद्योगांकडे पाहिले असता लेखन आणि विक्री यांत त्यांनी उच्चनीचभाव मानला नाही असेच दिसते. नोकरी सोडणाऱ्या लेखकाला दुकान काढावे लागते, हे त्यांना कळले होते.

६

विसाव्या शतकात हा प्रश्न पुन्हा मावळात परतला, आणि तोही दोन निराळ्या रूपांनी.

पहिले रूप लोणावळ्याचे. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी तेथे कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक सुरू केले. योगविद्या ही गुरूने शिष्याच्या कानी सांगावयाची, ती उघड करू नये, अशी जुनी मर्यादा. ती विद्या प्रयोगशाळेत तपासून, छापून, वर्गणीदारांस टपालाने पाठविणे हा मोठाच पालट होता. येथे वर्गणी हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. वर्गणी म्हणजे किंमत खरी, पण तीत सामाईक कार्याचा वाटा उचलल्याचा भाव असतो. गणेशोत्सवाची आणि नियतकालिकाची, दोन्हींची वर्गणीच. विकत घेणारा ग्राहक न राहता भागीदार होतो. संस्थांनी हा मार्ग पत्करला आणि त्यामुळे त्यांना विक्रीचा संकोच फारसा बाधला नाही.

दुसरे रूप तळेगावचे, आणि ते अधिक कठीण. कारण तेथे संस्था नव्हती, एकटा लेखक होता. गोपाळ नीलकंठ दांडेकर (१९१६–१९९८) परतवाड्यास जन्मले; कोवळ्या वयात घर सोडून भटकले; गाडगे महाराजांच्या सहवासात राहिले, नर्मदेची परिक्रमा केली आणि अखेर तळेगाव दाभाडे येथे स्थिरावले. ज्या गावातून दक्षिणा निघाली, त्याच गावी त्यांनी लेखन आणि प्रवचन-व्याख्याने यांवर प्रपंच चालविला. ‘पवनाकाठचा धोंडी’ ही कादंबरी तुंग किल्ल्याच्या परिसरातील, ‘माचीवरला बुधा’ राजमाचीची. तुकोबांच्या जीवनावर त्यांनी ‘तुका आकाशाएवढा’ लिहिली. ‘स्मरणगाथे’स १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

मावळचा माणूस या कादंबऱ्यांचा विषय होता. विकत घेणारा वाचक मात्र बव्हंशी शहरातील. या दोहोंतील अंतर कसे तोडावे? दांडेकरांच्या बाबतीत त्याचे एक उत्तर उच्चारित शब्दाने दिले. १९७५ च्या सुमारास त्यांच्या कादंबऱ्यांच्या अभिवाचनाचे प्रयोग त्यांच्या कुटुंबीयांनी सुरू केले आणि ते पुढे अनेक वर्षे चालले. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. पुस्तक हाती धरून वाचावयाचे. हा जाहिरातीचा प्रकार म्हणून योजलेला नव्हता. तथापि ग्रंथ लोकांपर्यंत नेण्याचा याहून सभ्य मार्ग दाखविणे कठीण. कारण येथे ग्रंथाची स्तुती केली जात नाही. ग्रंथच ऐकविला जातो आणि निर्णय श्रोत्यावर सोडला जातो. कीर्तनाची परंपरा येथे पुस्तकाच्या मदतीस आली, असे म्हणावयास हरकत नाही.

७

या सर्व आलेखावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मराठी ग्रंथकाराचा विक्रीविषयीचा संकोच आढ्यतेतून आलेला नाही. शब्द ही आपली मालमत्ता नव्हे, ही जुनी श्रद्धा त्याच्या मुळाशी आहे आणि ती आदरास पात्र आहे. परंतु या श्रद्धेच्या आड एक दुसरी गोष्टही लपत आली : जो ग्रंथ वाचकाला विकावयाचा नाही, तो कोणाच्या तरी कृपेवर जगतो. दान दात्याची इच्छा पाहते, दक्षिणा परीक्षकाची पसंती पाहते, मानधन यजमानाचे औदार्य पाहते. केवळ मोल हा एकच व्यवहार असा आहे, की ज्यात अनोळखी, अपरीक्षित, कोणत्याही जातीचा व गावचा वाचक आपल्या खिशातून निर्णय देऊ शकतो. ‘तृतीय रत्न’ नाकारणाऱ्या समितीत त्या वाचकाला जागा नव्हती.

अर्थात मोलही निर्दोष नव्हे. ज्याच्या खिशात काही नाही त्याला ते निर्णयातून वगळते, हा तुकोबांच्या आक्षेपाचा गाभा आजही खोटा ठरलेला नाही. म्हणूनच स्वस्त आवृत्त्या, ग्रंथालये आणि जाहीर वाचन यांची गरज विक्रीमुळे कमी होत नाही, उलट वाढते. आज लेखक आपल्या नव्या पुस्तकाची वार्ता हातातील यंत्रावरून क्षणात शेकडो परिचितांना कळवू शकतो, आणि तसे करताना जुन्याच संकोचाने अवघडतो. त्याने भूतपालाप्रमाणे ‘जंबुद्वीपात उत्तम’ असे म्हणू नये, एवढे पथ्य पुरेसे आहे. पुस्तक निघाले आहे, ते अमुक विषयाचे आहे आणि त्याची किंमत इतकी आहे, हे सांगण्यात लाजिरवाणे काही नाही.

मराठीत पुस्तक विकले जाण्यास ‘खपणे’ म्हणतात. त्याच क्रियापदाचा दुसरा अर्थ कष्ट करणे, झिजणे असा आहे. शेतकरी शेतात खपतो, तसे पुस्तक बाजारात खपते. दोन्ही अर्थांच्या मुळाशी क्षय पावणे, झिजून संपणे हाच भाव आहे. लेखक खपल्याशिवाय पुस्तक होत नाही, आणि पुस्तक खपल्याशिवाय ते खपणे सार्थ होत नाही. दोन्ही क्रियांना एकच शब्द देताना भाषेने त्यांत उच्चनीच मानलेले नाही.